मिलिंद : एका ग्रीक राजाचं नाव आपल्या पाळण्यापर्यंत कसं आलं?

रेडिओवर झालेली ही गप्प ज्या सयांना ऐकता आली नाही, त्यांच्यासाठी ती इथं छापतो आहोत. आजची गप्प एका नावाची आहे. नाव साधंच, तुमच्या माझ्या गल्लीत ऐकू येणारं : मिलिंद.

झालं असं की, मागं आम्ही गटातल्या बायका एका बारशाला गेलो होतो. घुगऱ्या झाल्या, ओटी भरली, पाळणा सजला. नाव ठेवायला आत्या पुढं आली. तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, मिलिंद. दहावीनंतर तिची शाळा बंद करायचं घरात ठरलं होतं, तेव्हा एक गुरुजी तिच्या वडिलांना समजवायला चार वेळा घरी आले होते. त्या गुरुजींचं नाव मिलिंद. म्हणून तिनं भाच्यासाठी ते जपून ठेवलं होतं.

पण भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी पटकन म्हणाली, "हे कसलं नाव? आपल्यात नाही ठेवत हे. त्यांच्यात असतंय."

सगळ्या गप्प झाल्या. आमच्या गटातल्या एका ताईच्या थोरल्या मुलाचं नाव मिलिंद आहे. ती पाळण्याची दोरी धरून बसली होती. ती काही बोलली नाही, दोरी हलवत राहिली. घरी परतताना आम्हाला तिच्याकडे बघवेना. मग आम्ही ठरवलं की या नावाचा छडा लावायचा. ते कुणाचं, कुठून आलं, त्याचा अर्थ काय आणि ते खरंच कुणा एकाच्या मालकीचं आहे का? जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

राजा मिनँडर

मिलिंद हे मूळचं ग्रीक नाव आहे. ग्रीस हा युरोपातला समुद्रकाठचा देश. तिथल्या सिकंदर राजानं स्वारी करत पंजाबपर्यंत मजल मारली, हे आपण शाळेत शिकलो. सिकंदर परत फिरला, पण त्याच्या मागं अफगाणिस्तानाच्या बाजूला ग्रीक लोकांची वस्ती राहिली. त्यांच्यात पुढं राजे झाले. आपले लोक त्यांना यवन म्हणत.

त्यातला सगळ्यात नावाजलेला राजा मिनँडर. ख्रिस्ताच्या जन्माआधी साधारण दीडशे वर्षं तो राज्य करत होता. त्याची राजधानी सागल. आज पाकिस्तानात असलेलं सियालकोट म्हणजेच ते सागल, असं अभ्यासक मानतात. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला इथल्या लोकांना कळेल अशा प्राकृत भाषेत त्याचं नाव आहे. त्या नावाआधी 'त्राता', म्हणजे रक्षण करणारा, अशा अर्थाची पदवी आहे.

आता नावाचा अर्थ बघू. ग्रीक भाषेत हे नाव 'मेनान्द्रोस'. त्याचे दोन तुकडे होतात. पहिल्या तुकड्याचा अर्थ टिकून राहणं, ठाम उभं राहणं. दुसरा तुकडा 'आन्द्रोस', म्हणजे पुरुषाचा. गंमत म्हणजे हा ग्रीक शब्द आणि आपला 'नर' हा शब्द एकाच जुन्या मुळातून फुटलेले, म्हणजे भावंडंच. तेव्हा नावाचा अर्थ झाला ठाम उभा राहणारा माणूस. सिकंदराचं खरं नाव अलेक्सान्द्रोस, त्याच्याही शेवटी हाच तुकडा आहे.

मेनान्द्रोसचा मिलिंद कसा झाला? तुम्ही आम्ही रोज शब्द घडवतो, तसाच. जीभ अवघड शब्दाला घासून सोपा करते. त्यात न आणि ल यांची तर नेहमीच अदलाबदल होते. निंबाचं आपण लिंब केलं. संस्कृतात 'लांगल' होतं, त्याचा आपल्या शेतात नांगर झाला. तसंच मेनान्द्रोसमधल्या 'न'चा 'ल' झाला, शेवटचं 'स' गळलं, आणि पाली भाषेत मिलिंद तयार झालं. पाली ही बुद्धाची शिकवण ज्या भाषेत जपली गेली ती भाषा.

तेरचं कापड आणि मिनँडरची नाणी

तुम्ही म्हणाल, कुठं सियालकोट आणि कुठं आपला धाराशिव जिल्हा! पण एक धागा आपल्या तेरला येऊन पोचतो.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर. त्या गावाचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. कोणत्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कुठं जपून जावं, असं सगळं त्यात आहे. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात पैठणचं नाव आहे आणि पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, असंही लिहिलंय. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदरात जाई, अशी त्यात नोंद आहे.

त्याच पुस्तकात भडोचच्या बाजारातली आणखी एक गोष्ट आहे. तिथं जुनी ग्रीक नाणी अजून चालतात, असं तो व्यापारी लिहितो, आणि ती कुणाची तेही सांगतो. त्यातलं एक नाव मिनँडरचं.

म्हणजे ज्या बाजारात तेरच्या बायाबापड्यांनी कातलेलं, विणलेलं कापड विकायला जाई, त्याच बाजारात मिलिंद राजाची नाणी हातोहात फिरत होती, राजा जाऊन दोनशे वर्षं होत आली तरी! तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळातल्या वस्तू ठेवल्या आहेत. गटाची सहल काढायची असेल तर लांब कशाला जायचं?

यवन लोक महाराष्ट्रात येऊन राहिलेही. पुण्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यातले कितीतरी जण स्वतःला यवन म्हणवतात, पण नावं मात्र इथली, सिंहध्वज आणि धर्म अशी. नाशिकच्या लेण्यांतही एका यवनाचं नाव इंद्राग्निदत्त आहे. त्यांनी आपली नावं घेतली आणि आपण त्यांच्या राजाचं घेतलं. नावांची ही उसनवारी फार जुनी आहे.

प्रश्न विचारणारा राजा

नाण्यांवरचं नाव नाण्यांबरोबर विसरलं गेलं असतं. ते टिकलं एका पुस्तकामुळं. त्याचं नाव 'मिलिंदपञ्ह', म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. पालीतलं हे पुस्तक श्रीलंका आणि ब्रह्मदेशातल्या भिक्खूंनी जपलं. चीनमध्येही त्याचं भाषांतर झालं, सोळाशे वर्षांपूर्वी.

पुस्तकातली गोष्ट अशी. मिलिंद राजा मोठा हुशार होता. तो विद्वानांना गाठायचा, प्रश्न विचारायचा आणि निरुत्तर करायचा. असं करता करता त्याला नागसेन नावाचे भिक्खू भेटले. राजा म्हणाला, आपण चर्चा करू. नागसेनांनी आधी एक अट घातली. पंडितासारखं बोलणार असाल तर बोलू, राजासारखं बोलणार असाल तर नको. राजानं विचारलं, दोन्हींत फरक काय? नागसेन म्हणाले, पंडित बोलतात तेव्हा एकमेकांच्या चुका दाखवतात, स्वतःची चूक कबूल करतात आणि कुणी रागावत नाही. राजे बोलतात तेव्हा त्यांचंच खरं, आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा. मिलिंदानं पंडितासारखं बोलायचं कबूल केलं.

मैत्रिणींनो, ग्रामसभेत, घरात, गटाच्या बैठकीत आपल्याशी कोण पंडितासारखं बोलतं आणि कोण राजासारखं, हे एकदा मनाशी मोजून बघा. आणि आपण सुनेशी कसं बोलतो, तेही.

आता या चर्चेतला सुरुवातीचाच प्रश्न ऐका. राजानं विचारलं, तुमचं नाव काय? नागसेन म्हणाले, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते हाक मारायला ठेवलेलं नाव आहे. त्या नावाच्या आत वेगळा कुणी सापडणार नाही. राजाला हे पटेना. मग नागसेनांनी विचारलं, तुम्ही कशात बसून आलात? राजा म्हणाला, रथातून.

आपण रथाच्या जागी आपली बैलगाडी धरू. नागसेनांनी एकेक गोष्ट विचारली. दांडी म्हणजे गाडी का? नाही. मग आस म्हणजे गाडी? तीही नाही. चाकं? जू? नाही, नाही. मग हे सगळं बाजूला काढून ठेवलं तर उरते ती गाडी का? तेही नाही. मग गाडी आहे कुठं? राजा म्हणाला, हे सगळं नीट जोडलं म्हणजे त्याला आपण गाडी म्हणतो. नागसेन म्हणाले, माणसाच्या नावाचंही तेच. हात, पाय, मन, आठवण, सुखदुःख असं सगळं एकत्र चालतं, त्याला आपण एक नाव देतो.

म्हणजे नाव हवंच, त्याशिवाय हाक कशी मारणार? पण नुसत्या नावावरून माणूस कळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे बोलणं आम्हाला त्या बारशाच्या दिवशी ठाऊक असतं, तर बरं झालं असतं.

पुस्तकात शेवटी राजाचं समाधान होतं, तो बुद्धाच्या मार्गाला लागतो आणि मुलाकडे राज्य सोपवून घर सोडतो. प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक वेगळं सांगतो. त्याच्या लिहिण्याप्रमाणं राजा लष्कराच्या छावणीत वारला आणि त्याच्या रक्षेसाठी गावोगावचे लोक भांडू लागले, शेवटी ती सगळ्यांनी वाटून घेतली. परक्या वंशाच्या राजावर लोकांचा असा जीव होता.

नाव मराठवाड्यात कसं आलं

एवढं जुनं नाव आपल्याकडं घरोघर पोचलं, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मोठा वाटा आहे.

मराठवाडा आधी निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मोकळा झाला. त्या वेळी पुढचं शिक्षण घ्यायचं तर बहुतेकांना हैदराबादची वाट धरावी लागे, आणि गरिबाच्या, दलिताच्या मुलाला तर तीही बंदच होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. १९५१ साली त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढं त्या कॉलेजचं नाव झालं मिलिंद महाविद्यालय आणि त्या परिसराचं नाव नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचं नाव सगळ्या आवाराला!

ज्यांच्या बापजाद्यांना प्रश्न विचारायची मुभा नव्हती, त्यांची मुलं त्या कॉलेजात शिकली. तिथून शिक्षक झाले, लेखक झाले, वकील झाले, अधिकारी झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर घरोघर नावं बदलली. ज्या समाजातल्या माणसाला धड नावानं कुणी हाक मारत नव्हतं, नाव तोडून, पुढं 'या' लावून बोलावत होतं, त्या घरांत सिद्धार्थ, राहुल, नागसेन, मिलिंद अशी नावं आली. मुलींसाठी सुजाता, विशाखा, यशोधरा, प्रज्ञा, करुणा आली. मुलाला असं नाव ठेवणं म्हणजे, याला आता नीट हाक मारा, असं गावाला सांगणं होतं.

या नावाची दुसरीही एक वाट आहे. संस्कृतात 'मिलिंद' म्हणजे भुंगा. नावांच्या पुस्तकांत हाच अर्थ दिलेला असतो. त्यामुळं बुद्धाशी संबंध नसलेल्या घरांतही हे नाव आवडीनं ठेवलं गेलं. लेखक मिलिंद बोकील, अभिनेते मिलिंद गुणाजी, मिलिंद सोमण ही नावं तुम्ही ऐकली असतील. कुणी राजा आठवून नाव ठेवलं, कुणी भुंगा आठवून, तर आमच्या त्या आत्यासारखं कुणी गुरुजी आठवून. मग 'आपल्यात' आणि 'त्यांच्यात' अशी रेघ या नावात कुठं ओढायची?

तसं बघाल तर ग्रीक नावं आपल्याभोवती आणखीही आहेत. सिकंदर हे त्या अलेक्सान्द्रोसचं इराण-अरबस्तानातून घासून आलेलं रूप. ख्रिस्ती घरांत जॉर्ज असतो, त्याचा ग्रीक अर्थ जमीन कसणारा, म्हणजे शेतकरी. सिकंदर मशिदीच्या आळीतला, जॉर्ज चर्चमधला आणि मिलिंद विहारातला म्हणून आपण वेगळे धरतो, पण तिघांच्याही नावाचं माहेर एकच.

नावासाठी सोसलेलं

"नावात काय आहे" असं म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यात यावं. १९७८ साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि गावोगावी दंगली उसळल्या. दलितांची घरं जळाली, माणसं जिवाला मुकली. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्या बायका अजून आपल्या गावांत आहेत. "त्यांच्यात असतंय" हे दोन शब्द ऐकून दोरी हलवणारी ताई का गप्प राहिली, ते त्यांना विचारा.

बायकांच्या नावांचंही असंच आहे. मुलगाच हवा म्हणून मुलीचं नाव नकुशी ठेवायचं, हे आपण पाहिलंय. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. आपल्या आसपास कुणी नकुशी असेल तर तिलाही नवं नाव घेता येतं.

बाळाचं नाव नोंदवताना

आता चार कामाच्या गोष्टी. बाळ जन्मल्यावर २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा. त्या वेळी नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव नंतर घालता येतं. जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत ते फुकट घालून मिळतं, पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासारख्या कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे, म्हणून तो जपून ठेवा.

नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून दाखवा. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं असं झालं की पुढं शिष्यवृत्तीच्या वेळी हेलपाटे पडतात.

आणि ही गोष्ट खास आपल्यासाठी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लावणं बंधनकारक झालंय. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम. फॉर्म भरताना आपलं नाव लागलंय का, ते बघा. नसेल तर विचारा.

त्या बाळाचं काय झालं?

ही सगळी माहिती आम्ही गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. त्या म्हातारीलाही मुद्दाम बोलावलं होतं. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे राजा असून त्यो भिक्षा मागणाऱ्यासमोर हारला?" आम्ही म्हटलं, हो. "आन् त्याला राग न्हाई आला?" आम्ही म्हटलं, नाही, तशी बोलीच झाली होती. ती थोडा वेळ गप्प बसली. मग दोरी धरणाऱ्या त्या ताईकडं वळून म्हणाली, "तुझा मिलिंद सध्या कुठं असतोय गं?" ताईनं सांगितलं, पुण्याला कंपनीत आहे. पुढं दोघी बराच वेळ बोलत होत्या.

बाळाचं नाव ग्रामपंचायतीत मिलिंद असंच लागलंय, मागं आईच्या नावासकट. आजी अजून त्याला बाळ्याच म्हणते. ते तर चालायचंच.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या नावांची गोष्ट काय आहे? कुणी ठेवलं, कशावरून ठेवलं, कुणी अडवलं? घरातल्या जुन्या माणसांना विचारा, लिहून ठेवा आणि गटाच्या बैठकीत सांगा. पुढच्या गप्पेत आपण मुलींच्या नावांबद्दल बोलणार आहोत. तोवर येतो आम्ही. नमस्कार.